प्रोबेटच्या दाव्यात न्यायाधीश बदलून मागायचे आहेत: अर्ज कुठे, कधी, कोणत्या कारणावर?

कॅव्हेट_दाखल

महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी सह दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यासमोर प्रोबेटचं (मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याचं) प्रकरण चालू आहे. मृत्युपत्रात एक्झिक्युटर (त्याची अंमलबजावणी करणारा) म्हणून नेमलेला मुलगा अर्जदार. दोन मुलींनी हरकत घेतल्यावर भारतीय वारसा अधिनियम, १९२५ च्या कलम २९५ प्रमाणे अर्जाला दाव्याचं स्वरूप आलं. मुलगा वादी, मुली प्रतिवादी. एका अटेस्टिंग साक्षीदाराची (मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याची) सरतपास (बोलावणाऱ्या बाजूने घेतलेली साक्ष) पूर्ण झाली असून उलटतपास अर्धवट आहे. साक्षीदाराचं वय ८० च्या पुढे.

आता कळलं की विद्यमान न्यायाधीशांनी पूर्वी दुसऱ्या जिल्ह्यात वकिली करताना मृत्युपत्र करणाऱ्या गृहस्थांसाठी जमिनीच्या एका दाव्यात वकीलपत्र दाखल केलं होतं. ती जमीन याच मृत्युपत्रात मुलाला दिलेली आहे. शिवाय मिळकतीवर तात्पुरता प्रशासक नेमण्याचा मुलींचा अर्ज याच न्यायाधीशांनी फेटाळला.

प्रश्न मुलींच्या बाजूने:
१. त्याच न्यायाधीशांना 'तुम्ही बाजूला व्हा' म्हणायचं, की थेट वर बदलीचा अर्ज करायचा?
२. जमिनीचा दावा आणि फेटाळलेला अर्ज, ही कारणं पुरतात का?
३. कोर्ट बदललं तर साक्ष पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागते का?
४. अर्जाचा निकाल लागेपर्यंत मूळ दावा आपोआप थांबतो का?

---

निशाणी_एक

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तिथे पाय भक्कम नसेल तर बाकीचं सगळं वाया.

प्रशासक नेमण्याचा अर्ज फेटाळला हे कारण अर्जातून काढून टाका. विरोधात गेलेला आदेश म्हणजे पक्षपात नव्हे. त्यावर दाद मागायची ती वरच्या कोर्टात, आदेश म्हणून. हे कारण आत ठेवलं की वाचणाऱ्याला वाटतं, निकाल आवडला नाही म्हणून कोर्ट बदलून मागताहेत. मग शेजारच्या चांगल्या कारणाचंही वजन जातं.

जमिनीचं कारण वाटतं तितकं जोरदार नाही. प्रोबेट कोर्ट मिळकतीची मालकी ठरवत नाही. मृत्युपत्र खरं आहे का, करणारा शुद्धीवर आणि स्वतःच्या मर्जीने वागत होता का, वारसा अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सही आणि साक्षांकन झालं का, एवढंच ते पाहतं. त्यामुळे 'ती जमीन मृत्युपत्रात आहे' याला समोरचे वकील एका वाक्यात उत्तर देतील: मालकीचा मुद्दा इथे नाहीच.

खरा धागा दुसरीकडे आहे. त्या जुन्या दाव्यातल्या वकीलपत्राची सही-शिक्क्याची नक्कल काढा आणि तीन गोष्टी पाहा. एक, तारीख. मृत्युपत्राच्या तारखेपासून ती किती लांब आहे? वीस वर्षांचं अंतर असेल तर मुद्दा फिका पडतो, पण दोन-चार महिन्यांचं असेल तर चित्र वेगळं, कारण त्या काळात त्या गृहस्थांची प्रकृती आणि समज कशी होती हे न्यायाधीशांना पक्षकाराशी झालेल्या भेटींतून स्वतःला माहीत असू शकतं. दोन, सही. मृत्युपत्रावरची सही खोटी असल्याची तुमची तक्रार असेल, तर तुलनेसाठी 'कबूल सही' म्हणून सगळ्यात आधी असेच जुने कागद काढले जातात. वकीलपत्रावर पक्षकाराची सही असते आणि त्याखाली ते स्वीकारणाऱ्या वकिलाची. म्हणजे जी सही तुलनेला घ्यायची, ती कोणाची हे सांगू शकणारा माणूसच निकाल देणार. तीन, त्या दाव्यातल्या कैफियतीत किंवा प्रतिज्ञापत्रात कुटुंबातल्या वाटणीबद्दल काही विधान आहे का. असेल तर ते मसुद्यात कोणी लिहिलं हा प्रश्न येतो.

यातलं एक जरी कागदावर निघालं तरी कारण भक्कम आहे. रणजित ठाकूर प्रकरणात (१९८७) सर्वोच्च न्यायालयाने कसोटी स्पष्ट केली: 'माझ्या मनात पक्षपात आहे का' हे न्यायाधीशांनी स्वतःला विचारायचं नाही, समोरच्या पक्षकाराच्या मनात रास्त भीती निर्माण होईल का ते पाहायचं. मात्र 'रास्त' या शब्दावर सगळं अडतं. नुसता संशय किंवा ऐकीव गोष्ट चालत नाही.

काही बाबतींत भीतीची कसोटी लावावीच लागत नाही. आर्थिक हितसंबंध कितीही छोटा असला तरी न्यायाधीश बाद. इंग्लंडमध्ये १८५२ साली खुद्द लॉर्ड चॅन्सेलरांचा आदेश रद्द झाला, कारण कालवा कंपनीत त्यांचे शेअर्स होते. प्रोबेटमध्ये हे बहुतेक वेळा ट्रस्टच्या रूपाने येतं: मृत्युपत्राने रक्कम एखाद्या देवस्थानाला किंवा शिक्षणसंस्थेला दिलेली असते आणि न्यायाधीश किंवा त्यांचे जवळचे नातलग तिथे विश्वस्त असतात. मृत्युपत्राचा मसुदा पूर्वी त्यांनीच केलेला असेल किंवा त्यावर साक्षीदार म्हणून सही असेल, तरी चर्चाच नको. याउलट मयताचं खातं ज्या बँकेत, त्याच बँकेत न्यायाधीशांचंही खातं, हे कारण नव्हे.

आता पहिला प्रश्न. भारतात न्यायाधीशांनी बाजूला कधी व्हावं याचा एकत्रित कायदा नाही. ते निकालांतून आणि न्यायिक आचारसंहितेतून आलं आहे. बदलीची तरतूद मात्र लेखी आहे: दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम २४. वारसा अधिनियमाच्या कलम २६८ मुळे प्रोबेटलाही ती लागू. जिल्हा न्यायालय आपल्या हाताखालच्या कोर्टातून प्रकरण काढून दुसऱ्या सक्षम कोर्टाकडे देऊ शकतं. जिल्ह्याबाहेर न्यायचं असेल तर उच्च न्यायालय, राज्याबाहेर असेल तर कलम २५ खाली सर्वोच्च न्यायालय.

तुमच्या बाबतीत मी आधी त्याच कोर्टात एक छोटी पुरसिस (कोर्टाला माहिती देणारं लेखी निवेदन) देईन. आरोप नाही, विशेषणं नाहीत. 'अमुक दाव्यात अमुक तारखेचं वकीलपत्र अभिलेखावर आहे, नक्कल जोडली आहे, ही बाब मा. न्यायालयाच्या निदर्शनास आणत आहोत.' जुनी प्रकरणं न्यायाधीशांच्या लक्षात असतीलच असं नाही. बहुतेक वेळा ते स्वतःच प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे प्रकरण पाठवतात आणि विषय संपतो. नाही संपला, तर त्या दिवसाचा रोजनामा (कोर्टाची तारखेच्या कामकाजाची नोंद) तुमच्या पुढच्या अर्जाचा पुरावा होतो.

---

सरतपास

वरचं सगळं ठीक, पण त्याआधी एक तपासा: हे कोर्ट कोणत्या अधिकाराने बसलं आहे?

वरिष्ठ स्तर न्यायाधीशांकडे प्रोबेट दोन वाटांनी येतं. ते वारसा अधिनियमाच्या कलम २६५ खालचे जिल्हा प्रतिनिधी असतील, तर त्यांना फक्त बिनविरोध प्रकरणं चालवता येतात. हरकत आली की कलम २८६ आड येतं आणि कलम २८८ प्रमाणे अर्ज कागदपत्रांसह परत द्यायचा, जिल्हा न्यायाधीशांकडे दाखल करण्यासाठी. तसं असेल तर पक्षपात वगैरे काही म्हणायचीच गरज नाही. हरकत आल्यापासून पुढचं कामकाजच अधिकाराबाहेरचं.

पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी त्यांना मुंबई दिवाणी न्यायालये अधिनियम, १८६९ च्या कलम २८-अ खाली उच्च न्यायालयाच्या आदेशाने जिल्हा न्यायाधीशांचे अधिकार दिलेले असतात. मग वादग्रस्त प्रकरणही त्यांना चालवता येतं. आदेशात स्थानिक हद्द आणि रकमेची मर्यादा असू शकते, म्हणून तो आदेश मिळवून वाचाच. कोर्टाच्या शिरस्तेदारांकडे किंवा जिल्हा न्यायालयाच्या प्रशासन शाखेत चौकशी करा.

याचा बदलीशी थेट संबंध आहे. कलम २४ खाली प्रकरण ज्या कोर्टाकडे जाणार ते 'सक्षम' असलं पाहिजे. शेजारच्या दालनातल्या सह न्यायाधीशांना २८-अ चे अधिकार नसतील आणि आदेशात नुसतं 'दुसऱ्या वरिष्ठ स्तर कोर्टाकडे वर्ग' असं लिहिलं गेलं, तर वर्षभर चाललेलं कामकाज पुढे अपिलात उलटू शकतं. प्रोबेटचा निकाल सगळ्या जगाविरुद्ध लागू होतो, त्यामुळे पक्षकारांनी संमती दिली होती म्हणून अधिकाराची उणीव भरून निघत नाही. विनंती कलमात स्वच्छ लिहा: 'वारसा अधिनियमाखालील अधिकार प्रदान केलेल्या अन्य न्यायालयाकडे, अथवा मा. जिल्हा न्यायाधीशांनी स्वतःकडे घ्यावे.'

आणि अर्जात सामनेवाले कोण, इकडे लक्ष द्या. फक्त मुलाला करून भागत नाही. सायटेशन (प्रोबेट अर्जाची कोर्टाची नोटीस) गेलेले सगळे वारस आणि कॅव्हेट (प्रोबेटला लेखी हरकत) घातलेले सगळे. पक्षकाराच्या अर्जावर बदली करायची तर कलम २४ ला नोटीस आणि सुनावणी लागते. कोर्टाने आपणहून केली तरच नोटिशीवाचून चालते. एखादी लग्न होऊन परगावी गेलेली बहीण किंवा मयत मुलाचा मुलगा राहून गेला की बदलीच्या आदेशालाच आव्हान मिळतं.

---

कॅव्हेट_दाखल

दोघांचे आभार. २८-अ चा आदेश पाहिला, अधिकार आहेत, रकमेतही बसतं. पुरसिस द्यायची ठरली तर ती लगेच द्यावी की साक्षीदाराचा उलटतपास उरकून? वय पाहता नंतर तो मिळेल याची खात्री नाही.

---

निशाणी_एक

लगेच. इथेच बहुतेक जण फसतात. कारण कळल्यानंतरही त्याच कोर्टासमोर उलटतपास पूर्ण केला, पुढच्या तारखा घेतल्या आणि मग हरकत घेतली, तर ती सोडून दिली असं मानलं जातं. माणकलाल प्रकरणापासून (१९५७) हा मुद्दा पक्का आहे: माहीत असून गप्प बसून निकालाची वाट पाहता येत नाही. म्हणून अर्जात 'ही बाब अमुक तारखेला, अमुक नकलेवरून कळली' हे प्रतिज्ञापत्रावर लिहा. नक्कल अर्जाची पावती जोडा, तारीख तिच्यावरून सिद्ध होते.

साक्षीदाराची काळजी रास्त आहे. बदलीच्या अर्जातच जिल्हा न्यायाधीशांकडे अंतरिम विनंती करा की उरलेला उलटतपास कोर्ट कमिशनरसमोर (साक्ष नोंदवायला कोर्टाने नेमलेल्या व्यक्तीसमोर) नोंदवावा. म्हणजे हरकत घेतलेल्या कोर्टाकडे काही मागितलं असं होत नाही आणि साक्षही वाचते. वयाचा आणि आजाराचा वैद्यकीय दाखला लागेल. हा साक्षीदार समोरच्याचा आहे, म्हणजे दाखला त्यांच्याकडून यावा लागणार. पण त्यांनाही त्याची साक्ष अर्धवट राहायला नकोच आहे. उलटतपास न झालेल्या साक्षीला किती वजन द्यायचं यावर नंतर वाद होतोच, आणि मृत्युपत्र शाबित करायला किमान एक अटेस्टिंग साक्षीदार, हयात आणि हजर होऊ शकणारा असेल तर, तपासावाच लागतो. तेव्हा बऱ्याचदा ते सहमती देतात.

---

नाझर_खिडकी

तिसरा आणि चौथा प्रश्न राहिलाय.

साक्ष पहिल्यापासून घ्यावी लागत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १८ नियम १५: न्यायाधीश मृत्यू, बदली किंवा अन्य कारणाने पुढे चालवू शकले नाहीत, तर नवे न्यायाधीश आधीची साक्ष स्वतः घेतल्यासारखी वापरून तिथून पुढे चालवू शकतात. कलम २४ खाली आलेल्या प्रकरणांनाही तोच नियम. कलम २४(२) मध्ये मात्र नव्या कोर्टाला पुन्हा पहिल्यापासून चालवायची मुभाही आहे, बदलीच्या आदेशात वेगळं काही सांगितलेलं नसेल तर. तुम्हाला काय हवं ते ठरवून अर्जातच मागा. सरतपास तुमच्या विरोधात चांगली उतरली असेल आणि साक्षीदार समोर बसून कसा अडखळत होता हे नव्या न्यायाधीशांनी पाहावं असं वाटत असेल, तर आदेश १८ नियम १७ खाली पुन्हा बोलावण्याची विनंती करता येते, पण ती सहज मिळत नाही. म्हणून अडखळणं, बराच वेळ गप्प राहणं, वकिलाकडे पाहून उत्तर देणं, हे जुन्या न्यायाधीशांकडून नियम १२ प्रमाणे शेरा म्हणून नोंदवून घेतलेलं असेल तर त्याचं मोल नंतर कळतं.

युक्तिवाद झाला आणि निकालाआधी न्यायाधीश बदलले तर युक्तिवाद पुन्हा. निकाल लिहून झाला होता पण वाचून दाखवला नव्हता, तर आदेश २० नियम २ प्रमाणे पुढचे न्यायाधीश तो जाहीर करतात.

थांबण्याबद्दल: बदलीचा अर्ज दाखल झाला म्हणून दावा आपोआप थांबत नाही. स्थगितीची वेगळी विनंती करा आणि आदेशाची नक्कल खालच्या कोर्टात दाखल करून निशाणी नंबर (फाइलमधल्या कागदाचा क्रमांक) पडला का ते पाहा. नुसतं 'वर अर्ज केलाय' असं तोंडी सांगून तारीख मागितली तर 'पुराव्याचा हक्क बंद' असा आदेश होऊ शकतो, आणि मग तो रद्द करून घेण्यात सहा महिने जातात.

अर्जाबरोबर काय जोडायचं: प्रोबेट अर्ज आणि कॅव्हेटच्या नकला, वकीलपत्राची सही-शिक्क्याची नक्कल, पुरसिस आणि तिच्यावरचा आदेश, शेवटच्या दोन-तीन तारखांचा रोजनामा, माहिती कधी कळली याचं प्रतिज्ञापत्र. अर्ज जिल्हा न्यायालयात दिवाणी किरकोळ अर्ज म्हणून नोंदला जातो. समोरच्याचा से (लेखी म्हणणं) येतो, आणि प्रमुख जिल्हा न्यायाधीश संबंधित न्यायाधीशांकडून अभिप्राय मागवतात. तो अभिप्राय हीच परीक्षा. अर्जात 'समोरच्या वकिलाशी साटंलोटं' छापाची वाक्यं असतील तर अभिप्राय कडक येतो. वकीलपत्राची बाब असेल तर अनेकदा 'बदलीस हरकत नाही' एवढंच येतं.

भाषेबद्दल भीती असेल तर न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ चं कलम ६ वाचा. कनिष्ठ न्यायालयाच्या न्यायाधीशांबद्दल दुसऱ्या कनिष्ठ न्यायालयाकडे किंवा उच्च न्यायालयाकडे सद्हेतूने केलेलं विधान अवमान ठरत नाही. तोच मजकूर व्हॉट्सॲपवर फिरवला की हे संरक्षण नाही.

एक व्यावहारिक गोष्ट, कायद्याबाहेरची. सर्वसाधारण बदल्या उन्हाळी सुट्टीच्या आसपास होतात. त्या न्यायाधीशांचा तिथला कार्यकाळ संपत आला असेल, तर कलम २४ चा अर्ज निकाली निघेपर्यंत ते गेलेलेही असतात. मात्र म्हणून पुरसिस देणं टाळू नका. कारण वर आलंच आहे.

---

फोर्ट_साइड

मुंबई शहरातल्या वाचकांसाठी: तिथे हा रस्ता वेगळा आहे. शहर दिवाणी न्यायालयाला १९४८ च्या कायद्याने मृत्युपत्रविषयक अधिकारातून वगळलं आहे, प्रकरण उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत टेस्टॅमेंटरी पिटिशन म्हणून चालतं आणि कॅव्हेटनंतर टेस्टॅमेंटरी सूट होतं. एकाच उच्च न्यायालयातल्या एका न्यायमूर्तींकडून दुसऱ्यांकडे जायला कलम २४ वापरायचं नसतं. खुल्या कोर्टात, शक्यतो पहिल्याच पुकाऱ्याला, बाब सांगायची. न्यायमूर्ती 'नॉट बिफोर मी' असा आदेश करतात आणि कागद मुख्य न्यायमूर्तींच्या प्रशासकीय आदेशासाठी जातात. कोणतं प्रकरण कोणाकडे, हा अधिकार फक्त मुख्य न्यायमूर्तींचा (प्रकाशचंद प्रकरण, १९९८). अमुक न्यायमूर्तींकडे द्या असं पक्षकाराने म्हणायचं नाही.

बाजूला होताना कारण द्यावं की नाही, यावर मतभेद आहेत. २०१५ च्या न्यायिक नियुक्ती आयोग प्रकरणात न्या. कुरियन जोसेफ यांनी कारण द्यावं असं म्हटलं. प्रत्यक्षात बरेच आदेश एका ओळीचे असतात. माझ्या मते प्रोबेटमध्ये तरी एक ओळ कारण हवं. नाहीतर पुढे वर्ग झालेल्या फाइलमध्ये त्याच कुटुंबाचं दुसरं प्रकरण पुन्हा त्यांच्याचकडे लागतं आणि कोणालाच आठवत नाही.

आणखी एक डाव सांगून ठेवतो, कारण तो तुमच्यावर उलटू शकतो. न्यायाधीशांच्या नात्यातल्या वकिलाला मुद्दाम वकीलपत्र देऊन त्यांना बाजूला व्हायला लावायचा प्रयत्न होतो. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वडील, मुलगा, भाऊ, पुतण्या, सासरे, जावई वगैरे नात्यांतल्या न्यायाधीशांसमोर वकिलानेच उभं राहायचं नसतं. म्हणजे जायचं वकिलाने, न्यायाधीशांनी नव्हे. समोरच्याने असं केलं तर नव्या वकीलपत्रावर त्याच दिवशी लेखी हरकत घ्या.

---

सरतपास

जिल्हा न्यायाधीशांनी अर्ज फेटाळला तर पुढे काय, हे कोणी सांगितलं नाही. कलम २४ चा आदेश अपीलयोग्य आदेशांच्या यादीत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली रिट याचिका, किंवा उच्च न्यायालयाकडे कलम २४ चा स्वतंत्र अर्ज. दुसरा मार्ग घेतलात तर पहिला अर्ज फेटाळल्याचं लपवू नका, आदेशाची नक्कल जोडा.

दरम्यान मिळकत विकली जाण्याची धास्ती असेल तर बदलीत ते मिसळू नका. फेटाळलेला प्रशासकाचा अर्ज वारसा अधिनियमाच्या कलम २४७ खालचा होता. नव्या घडामोडी असतील, उदाहरणार्थ विक्रीचा करार किंवा वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, तर त्या कागदांसह नव्या कोर्टात पुन्हा करता येतो. तेच कारण पुन्हा मांडलं तर तोच निकाल येईल.

---

नाझर_खिडकी

आणि बदली मंजूर झाल्यावर फाइलच्या मागे लागा. मूळ मृत्युपत्र बहुधा सीलबंद पाकिटात, दाव्याच्या फाइलपासून वेगळं ठेवलेलं असतं. फाइल जाते आणि पाकीट जुन्या कोर्टाच्या कपाटात राहतं. पुढच्या साक्षीच्या दिवशी सही दाखवायला मूळ कागदच नाही म्हणून तारीख पडते. वर्ग करताना होणाऱ्या कागदांच्या यादीत 'मूळ मृत्युपत्र, सीलबंद' अशी स्वतंत्र नोंद करून घ्या आणि नव्या कोर्टात पहिल्या तारखेला सील शाबूत असल्याचं रोजनाम्यात लिहून घ्या. कॅव्हेटच्या नोंदीही नव्या नंबराला जोडल्या गेल्यात का ते ई-कोर्ट्सवर पाहा. एखादं कॅव्हेट जुन्याच नंबराखाली राहिलं आणि त्या व्यक्तीला नोटीस गेली नाही, तर वारसा अधिनियमाच्या कलम २६३ खाली प्रोबेट रद्द करून मागायला तिला आयतं कारण मिळतं.